इंजिनाचा एकही प्रश्न नाही

१६ एप्रिल १८५३ या दिवशी बोरीबंदरहून ठाण्याकडे निघालेल्या पहिल्या प्रवासी गाडीला कोणती इंजिनं होती, हे कुठल्याही रेल्वेवेड्याला झोपेतून उठवून विचारा. साहिब, सिंध आणि सुलतान, असं उत्तर लगेच येतं. त्या गाडीत माणसं किती होती, असं विचारलं की मात्र बहुतेक जण गप्प होतात. डबे होते १४ आणि पाहुणे साधारण ४००. गाडी धावली ती या ४०० माणसांना घेऊन, आणि आपल्याला पाठ आहेत ती फक्त ओढणाऱ्यांची नावं.

आमच्या गटाच्या गप्पांत हे निघालं आणि त्यातून ही सहल ठरली. ठाण्याजवळच्या दिवा स्टेशनाहून कोकण रेल्वेने सावंतवाडी, पुढे मडगाव, तिथून घाट चढून हुबळी, मग मिरज, पुणे आणि शेवटी मुंबई. वाटेत रोज एक प्रश्नपत्रिका. ती काढायचं काम माझ्याकडे आलं आणि मी एकच अट घातली: इंजिन, शेड, हॉर्न, रंगसंगती यांवर एकही प्रश्न नाही. तिकीट, डबा, फलाट, वेळापत्रक, नियम आणि प्रवाशांचा इतिहास, एवढंच.

सोबत चौघं होते. गार्ड म्हणून निवृत्त झालेले काका. जुनी वेळापत्रकं आणि तिकिटं जमवणाऱ्या ताई. सिग्नलवर जीव असलेले डॉक्टर. आणि हॉर्नच्या आवाजावरून इंजिनाचा वर्ग सांगणारा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, ज्याला आम्ही सगळे धाकटा म्हणतो.

पहिला दिवस: दिवा ते सावंतवाडी रोड

सकाळी लवकर सुटणारी ही गाडी संध्याकाळपर्यंत जवळजवळ प्रत्येक स्टेशनला थांबत जाते. आपटा, जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे. घाईत असलेल्याने या गाडीत बसू नये. पण कोकणातली माणसं गाडी कशी वापरतात हे बघायचं असेल तर मला हिच्याइतकी चांगली गाडी माहीत नाही. दोन स्टेशनांपुरती चढणारी शाळकरी पोरं, तालुक्याच्या गावी कचेरीच्या कामाला निघालेली माणसं, माहेराहून परतणाऱ्या बायका आणि त्यांच्या तोंडं शिवलेल्या गोणी.

पनवेल सुटल्यावर पहिला प्रश्न टाकला. अनारक्षित तिकीट किती दिवस आधी काढता येतं? डॉक्टर आणि धाकटा दोघंही म्हणाले, त्याच दिवशी. ताईंनी मान हलवली. अंतर २०० किलोमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर तीन दिवस आधी काढता येतं. त्याहून कमी असेल तर त्याच दिवशी, आणि मग तीन तासांच्या आत किंवा त्या दिशेची पहिली गाडी सुटेपर्यंत प्रवास सुरू करावा लागतो. दिवा ते सावंतवाडी हे अंतर ४०० किलोमीटरच्या वर आहे. म्हणजे पहाटेच्या अंधारात खिडकीसमोरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या कितीतरी जणांना तिकीट आदल्या दिवशी निवांत काढता आलं असतं. हे कुणीतरी त्यांना सांगायला हवं, आणि ज्यांना रेल्वेची एवढी आवड आहे त्यांनी नाही सांगायचं तर कुणी?

दुसरा प्रश्न त्याच तिकिटावरचा. कोकण रेल्वेच्या तिकिटावर छापलेलं अंतर रुळांच्या खऱ्या लांबीपेक्षा जास्त का दिसतं? हा प्रश्न सगळ्यांनाच अवघड गेला. ही लाईन बांधायला आलेला खर्च भरून निघावा म्हणून प्रवासी भाड्यासाठी इथलं अंतर ४० टक्के वाढवून धरतात. बोगदे आणि पूल किती, हे आमच्या गटात प्रत्येकाला माहीत होतं. त्या बोगद्यांचे आणि पुलांचे पैसे आपण प्रत्येक तिकिटात कसे भरतो, हे माहीत नव्हतं.

रोहा आलं. इथून कोकण रेल्वे सुरू होते ती मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत, ७४१ किलोमीटर. संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ला खुला झाला. रोहा ते वीर एवढा तुकडा २०२१ साली दुहेरी झाला. वीर सोडलं की पुन्हा एकेरी मार्ग. आमच्यासारख्या गाडीचं खरं आयुष्य तिथून पुढे सुरू होतं. लूप लाईनला, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळाला, जाऊन उभं राहायचं, समोरची गाडी जाऊ द्यायची आणि मग निघायचं.

असंच एका स्टेशनात उभे असताना काकांना बोलतं केलं. प्रश्न होता: क्रॉसिंगला गाडी थांबली आहे, ती किती वेळ थांबेल याचा अंदाज डब्यात बसून कसा बांधायचा? धाकट्याने लगेच मोबाईल काढला. काका म्हणाले, "अरे, मोबाईल ठेव. समोरची गाडी गेली ना? आता आपला सिग्नल बघ. पडला तर निघालो. नाही पडला तर दोनच गोष्टी. एक तर समोरून अजून एक येतेय, नाहीतर मागची आपल्याला टाकून पुढे जाणार. मागची असेल तर पाय मोकळे करायला वेळ आहे." पाच-सात मिनिटांनी मागून एक एक्सप्रेस धडधडत निघून गेली. समोरच्या बाकावरच्या आजी म्हणाल्या, रोज हीच पहिली जाते. त्यांनी सिग्नलकडे बघितलंही नव्हतं.

पाऊस होता, त्यामुळे पावसाळी वेळापत्रकाचा प्रश्न आपोआपच निघाला. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेच्या गाड्या वेगळ्या, सावकाश वेळांनी धावतात. जोराच्या पावसात पुढचं नीट दिसेनासं झालं की वेग ताशी ४० किलोमीटरवर आणायची लोको पायलटला सूचना असते. डॉक्टरांना हे ठाऊक होतं. पण आरक्षण करताना उन्हाळ्यातली वेळ डोक्यात ठेवून जूनचं तिकीट काढलं, तर अनेक स्टेशनांवर गाडीची वेळ तासा-दीड तासाने इकडेतिकडे झालेली असू शकते, हा त्या माहितीचा प्रवाशाच्या बाजूचा अर्धा भाग त्यांच्या लक्षात आला नव्हता.

उक्षी ते भोके या दरम्यान करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, रत्नागिरीच्या पुढे ६४ मीटर उंचीचा पानवल नदीवरचा पूल. दोन्हीकडे सगळे दाराशी. तिथे मी काहीच विचारलं नाही. काही ठिकाणं नुसती बघायची असतात.

राजापूर रोड आलं तेव्हा मात्र मी ठरवून ठेवलेला प्रश्न काढला. या स्टेशनावरून राजापूर गाव कित्येक किलोमीटर लांब आहे. नावात 'रोड' असलं की उतरल्यावर पुढच्या वाहनाची सोय आधी बघावी, हे इथल्या पोरालाही कळतं. मला विचारायचं होतं ते राजापूर मतदारसंघाच्या एका खासदाराबद्दल. दुसऱ्या वर्गाच्या झोपण्याच्या फळीवर पहिल्यांदा गादी कुणी घातली?

काका आणि ताई एकदमच म्हणाले, मधू दंडवते.

यावर थोडं थांबून बोलायला हवं. रेल्वेतला तिसरा वर्ग १९७४ साली नावापुरता गेला. त्याचं दुसरा वर्ग असं नामकरण झालं. पण रात्र काढायची ती लाकडी फळीवरच. १९७७ साली दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी त्या फळीवर दोन इंच फोमची गादी बसवायचा निर्णय घेतला. २६ डिसेंबर १९७७ला मुंबई ते हावडा धावू लागलेली गीतांजली एक्सप्रेस ही वर्गभेद नसलेली गाडी होती, सगळ्यांना एकच वर्ग. वरच्या वर्गाच्या सोयी कमी करायच्या नाहीत, खालच्या वर्गाच्या वाढवायच्या, असा त्यांचा विचार. त्यानंतर स्लीपरने प्रवास केलेल्या कोट्यवधी पाठी त्या दोन इंचांवर टेकल्या आहेत. धाकट्याला गीतांजलीला आजवर कोणकोणती इंजिनं लागली ते क्रमाने सांगता येत होतं, पण ही गादी त्याने जन्मापासून बघितलेली, म्हणून ती कधीतरी नव्हती हेच त्याच्या मनात आलं नव्हतं. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग वहीत काहीतरी लिहून घेतलं. माझ्या मते भारतातल्या प्रवासी रेल्वेचा इतिहास लिहायचा झाला तर हे दोन इंच त्यात कुठल्याही वेगविक्रमाच्या आधी यायला हवेत.

वैभववाडी, कणकवली, कुडाळ. अंधार पडता पडता सावंतवाडी रोड.

दुसरा दिवस: सावंतवाडी ते मडगाव

टप्पा छोटा, त्यामुळे दिवस ताईंचा. त्यांनी पिशवीतून जुनी वेळापत्रकं काढली आणि गाडी क्रमांकांची परीक्षा त्यांनीच घेतली. पाच आकडी क्रमांक डिसेंबर २०१०पासून आले. पहिला आकडा १ किंवा २ असेल तर लांब पल्ल्याची गाडी, ० असेल तर विशेष, ५ म्हणजे पॅसेंजर, ६ म्हणजे मेमू (वेगळं इंजिन नसलेली विजेवरची गाडी), ७ म्हणजे डेमू (तशीच डिझेलवरची), ९ म्हणजे मुंबईची लोकल. हे चौघांनाही येत होतं, रेल्वेवेडे आकड्यांत कच्चे नसतात.

मग ताईंनी विचारलं, "कालची आपली गाडी पूर्वी ५०१०५ होती, आता १०१०५ आहे. थांबे जवळपास तेच. मग प्रवाशाच्या दृष्टीने बदललं काय?" धाकटा म्हणाला, दर्जा. ताई म्हणाल्या, "दर्जा नाही रे, भाड्याचा तक्ता. पॅसेंजरचं भाडं वेगळं आणि मेल-एक्सप्रेसचं वेगळं. पहिला आकडा बदलला की खिडकीवरचे पैसे बदलतात." एका आकड्याचा असा अर्थ लावता येणं, यालाच मी वेळापत्रक वाचता येणं म्हणतो.

पेडणे, थिवी, करमळी, आणि दुपारच्या आत मडगाव.

तिसरा दिवस: मडगाव ते हुबळी

वास्कोहून हावड्याकडे जाणारी अमरावती एक्सप्रेस. कुळ्याला मागून जादा इंजिनं लागली आणि अटीमुळे धाकट्याला त्यांच्याबद्दल बोलता येईना. त्याची तगमग बघवेना, म्हणून त्याला फोटो काढायला खाली पाठवलं.

कुळे ते कॅसल रॉक हा घाट १ : ३७ चढणीचा आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. दूधसागरच्या समोरून पुलावर गाडी जाते तेव्हा ३१० मीटर उंचीवरून येणाऱ्या पाण्याचे तुषार खिडकीतून आत येतात. सगळा डबा एका बाजूला लोटतो. ज्यांना खिडकी मिळाली नाही त्यांना ज्यांना मिळाली ते हात धरून पुढे घेतात. इथे उतरायला, रुळांवरून चालायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. अरुंद कठडे, ओले रूळ, मध्येच बोगदे. गाडीतून दिसतं तेवढं पुरेसं आहे.

या घाटाच्या प्रवाशांचा इतिहास फार कमी सांगितला जातो. ब्रिटिश आणि पोर्तुगीज यांच्यात १८७८ साली करार झाला आणि मार्मागोवा बंदरापासून कॅसल रॉकपर्यंतची मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेली, लाईन १८८८मध्ये सुरू झाली. माझा प्रश्न असा होता: समजा तुम्ही १९५० साली हुबळीहून वास्कोला निघाला आहात, तर वाटेत गाडी कुठे आणि कशासाठी रेंगाळेल?

डॉक्टर म्हणाले, घाटात ब्रेक तपासायला. बरोबर, पण अपुरं. कॅसल रॉकला भारताची जकात, आणि घाट उतरला की कुळ्याला पोर्तुगिजांची. एका गाडीत दोनदा सामान उघडायचं. पुढे गोव्याची नाकेबंदी झाली आणि १९५५ साली या मार्गाची प्रवासी वाहतूक थांबली. गोवा मुक्त झाला डिसेंबर १९६१मध्ये. त्या मधल्या वर्षांत ज्यांची घरं घाटाच्या दोन बाजूंना होती त्यांनी काय केलं असेल, यावर कॅसल रॉकच्या फलाटावर बरंच बोलणं झालं. आज गाडी तिथे थोडा वेळ उभी राहते, मागची इंजिनं सुटतात आणि माणसं धुक्यात गरम चहा घेतात. जकातीची रांग जिथे लागायची त्याच जमिनीवर आपण उभे आहोत, हे कळल्यावर धाकट्याने इंजिनाकडे पाठ करून इमारतीचे फोटो काढले.

हुबळीला दुपारी उतरलो. मार्च २०२३मध्ये इथल्या १,५०७ मीटर लांबीच्या फलाटाचं उद्घाटन झालं. त्याआधी लांबीत पहिला मान गोरखपूरच्या १,३६६ मीटरच्या फलाटाचा होता. लांबी सगळ्यांना पाठ. प्रश्न हा होता की दीड किलोमीटरच्या फलाटावर प्रवाशाने उभं कुठे राहायचं?

हा नुसता आकड्यांचा खेळ नव्हे. एवढ्या लांब फलाटावर दोन गाड्या एकामागे एक उभ्या राहू शकतात. म्हणजे फलाट क्रमांक बरोबर असूनही माणूस चुकीच्या गाडीशी पोहोचू शकतो. हातात दोन बॅगा आणि सोबत म्हातारं माणूस असेल तर हे टोक ते ते टोक चालायला अर्धा तासही लागेल. तेव्हा फलाट क्रमांकाइतकीच डब्यांची क्रमवारी आणि गाडी कुठल्या टोकाला लागणार ही माहिती महत्त्वाची. डब्यांच्या खुणा कितपत येतात तेही तपासलं. एस म्हणजे स्लीपर, बी म्हणजे थ्री टियर एसी, ए म्हणजे टू टियर, एच म्हणजे फर्स्ट एसी, एम म्हणजे थ्री टियर इकॉनॉमी, सी म्हणजे चेअर कार, डी म्हणजे सेकंड सिटिंग. एम फक्त ताईंना आला.

संध्याकाळी फलाटावर फिरताना एक वयस्कर जोडपं भेटलं. तिकीट आरएसी होतं आणि आपल्याला बसायलाच मिळणार नाही या काळजीने आजोबा सारखे उठून टीसी कुठे दिसतो का बघत होते. धाकटा त्यांच्याजवळ जाऊन बसला. त्याने तिकीट बघितलं आणि शांतपणे समजावलं: आरएसी म्हणजे गाडीत हक्काने चढता येतं, बाजूचा खालचा बर्थ दोघांत मिळून बसायला असतो, तुम्ही दोघंही त्याच बर्थवर आहात, म्हणजे अनोळखी माणसाशी वाटून घ्यायची वेळ नाही, आणि कुणी पक्क्या तिकिटाचा आला नाही तर रिकामा बर्थ क्रमाने आरएसीवाल्यांनाच देतात. आजोबांनी तिकीट घडी करून खिशात ठेवलं आणि पहिल्यांदा पाठ टेकून बसले. त्या दिवशीचे सगळे गुण मी धाकट्याला दिले. बाकीच्यांनी तक्रार केली नाही.

रात्री वेटिंग लिस्टचा एकच प्रश्न घेतला. जनरल वेटिंगमध्ये बारावा आणि पूल्ड कोट्याच्या वेटिंगमध्ये बारावा, यांत पक्कं होण्याची आशा कुणाला जास्त? जनरलवाल्याला. गाडीच्या सुरुवातीच्या स्टेशनाजवळून काढलेल्या तिकिटांना मोठा कोटा असतो आणि त्यात रद्द होणारी तिकिटंही जास्त. मधल्या छोट्या स्टेशनांना मिळून एकच लहानसा कोटा, तिथे यादी हलतच नाही. ताईंनी यात भर घातली: ऑनलाईन काढलेलं तिकीट चार्ट झाल्यावरही पूर्ण वेटिंगमध्ये राहिलं तर ते आपोआप रद्द होतं, ते घेऊन गाडीत चढू नये. लोक चढतात, दंड भरतात आणि मग रडकुंडीला येतात.

चौथा दिवस: हुबळी ते मिरज

लोंढा, बेळगाव, घटप्रभा, कुडची. कृष्णा ओलांडली आणि मिरज आलं. या सहलीतलं माझं सगळ्यात आवडतं स्टेशन.

रेल्वेवेड्यांना मिरज माहीत असतं ते तीन गेजांमुळे, म्हणजे रुळांमधल्या तीन वेगवेगळ्या अंतरांमुळे. १,६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज, १,००० मिलिमीटरचा मीटरगेज आणि ७६२ मिलिमीटरचा नॅरोगेज, तिन्ही एका स्टेशनात. बार्शी लाईट रेल्वे उभारणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप आणि त्यांच्या नॅरोगेजचं तंत्र यांवर आमच्याकडे कुणीही तासभर बोलेल. ती लाईन १८९७ला बार्शी रोड ते बार्शी अशी सुरू झाली, १९११पर्यंत लातूरला आणि १९२७ला मिरजेला पोहोचली. इथपर्यंत सगळे बरोबर.

मी विचारलं: १९८० साली मुंबईहून गोव्याला निघालेल्या कुटुंबाने मिरजेत नेमकं काय केलं?

आता काका बोलू लागले आणि बाकी कुणी मध्ये बोललं नाही. पुणे ते मिरज ब्रॉडगेज १९७१पर्यंत झाला होता, पण मिरजेच्या पुढे लोंढा, हुबळी, गोवा या बाजूला १९९०च्या दशकापर्यंत मीटरगेजच. म्हणजे रूळ बदलला की गाडी बदलायची. मुंबईहून आलेली गाडी थांबायची आणि अख्खी गाडी उतरायची. ट्रंक, होल्डॉल, फिरकीचा तांब्या, झोपलेलं पोर खांद्यावर. हमाल धावत. बिनआरक्षणाच्या डब्यात जागा धरायला घरातला धट्टाकट्टा माणूस सामान टाकून आधी पळायचा आणि खिडकीतून रुमाल टाकायचा. मुंबईची गाडी उशिरा आली तर मीटरगेजची थांबवून धरायची का, यावर कंट्रोलशी, म्हणजे गाड्यांच्या नियंत्रण कक्षाशी, बोलणी. "प्रवासी मला विचारायचे, साहेब, गोव्याची गाडी आहे ना उभी? ती उभी आहे एवढं सांगितलं की त्यांचे चेहरे बदलायचे," काका म्हणाले.

आणि तिसऱ्या बाजूला नॅरोगेज. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरला जाणारे वारकरी ब्रॉडगेजने किंवा मीटरगेजने मिरजेत यायचे आणि त्या छोट्या गाडीत बसायचे. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत ती लाईनही ब्रॉडगेज झाली. गेज बदलाचा खरा हिशोब मिलिमीटरमध्ये लागत नाही. मिरजेत रात्री उतरून सामान उचलावं लागलं नाही अशी पहिली रात्र कुणाच्या तरी आयुष्यात आली, तो दिवस मोजायला हवा.

ताईंनी मग पुठ्ठ्याची तिकिटं काढली. थॉमस एडमंडसन या इंग्रज स्टेशनमास्तराने एकोणिसाव्या शतकात काढलेली ही पद्धत. तिकीट साधारण ५७ बाय ३० मिलिमीटरचं. प्रत्येकाला एकेक तिकीट हातात दिलं आणि विचारलं, यावरून काय काय कळतं? निघण्याचं आणि पोहोचण्याचं स्टेशन, वर्ग, अंतर, भाडं हे लगेच सांगून झालं. ताईंनी 'मार्गे' हा शब्द दाखवला. दोन वाटा असतील तर कोणत्या वाटेचे पैसे भरलेत हे त्यावरून ठरायचं. अनुक्रमांकावरून खिडकीवर दिवसाचा हिशोब जुळायचा. आणि तारीख शाईने नव्हे, यंत्राने दाबून उमटायची. दिल्लीला १९८६ साली संगणकीकृत आरक्षण सुरू झालं आणि हळूहळू ही तिकिटं गेली. धाकट्याने ते तिकीट अंगठ्याने चाचपलं. तारीख अजून हाताला लागत होती.

पाचवा दिवस: मिरज ते पुणे

कोयना एक्सप्रेस, दिवसभर पाऊस. साताऱ्याच्या पुढच्या वळणांवर धाकट्याला शेवटी अट मोडून घेऊ दिली.

बर्थ क्रमांक तोंडी विचारले. ३९? बाजूचा खालचा. २४? बाजूचा वरचा. आठाने भागून बाकी बघायची. हे सगळ्यांना जमतं. पण आई-वडिलांसाठी शक्य असेल तर डब्याच्या मधले क्रमांक का घ्यावेत, हे डॉक्टरांनी छान सांगितलं: चाकांच्या बोगी डब्याच्या दोन टोकांखाली असतात, त्यामुळे धक्का आणि आवाज तिथे जास्त लागतो, दारं आणि संडासही तिथेच. मधला बर्थ उघडण्याची अधिकृत वेळ रात्री १० ते सकाळी ६, हेही त्यांना माहीत होतं.

साखळीवर मात्र माहिती अर्धी निघाली. दंडाचं कलम १४१, रेल्वे कायदा १९८९, एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. हे येत होतं. पण साखळी ओढल्यावर होतं काय, हे काकांनाच सांगावं लागलं. साखळीने डब्यातली झडप उघडते, ब्रेकच्या नळीतला हवेचा दाब उतरतो आणि इंजिनात ते लगेच कळतं. कुठल्या डब्यात ओढली ते बाहेरच्या खुणेवरून शोधून, तिथे चालत जाऊन, झडप पूर्ववत केल्याशिवाय गाडी हलत नाही. म्हणून पुलावर किंवा बोगद्यात शक्यतो साखळी ओढू नये. मदत पोहोचायलाच वेळ लागतो. डब्यात कुणी आजारी पडलं, भांडण झालं, तर आधी १३९ या रेल्वेच्या मदत क्रमांकावर फोन. पुढच्या स्टेशनावर माणसं उभी राहतात. हे सांगताना काकांचा आवाज जरा चढला होता. त्यांनी रात्री रुळाच्या कडेने, हातात दिवा घेऊन, तो डबा शोधत चालण्यात आयुष्य काढलं आहे.

सहावा दिवस: पुणे ते मुंबई

शेवटची गाडी डेक्कन क्वीनशिवाय कोणती असणार? १ जून १९३०ला सुरू झालेली ही गाडी रेल्वेवेड्यांची लाडकी आहे, तेव्हा परीक्षा कडक घ्यायची ठरवलं होतं. जन्मतारीख, पहिले सात-सात डब्यांचे दोन रेक (संच), चंदेरी आणि निळा रंग, जेवणाचा डबा, २०२२मध्ये आलेले नव्या बनावटीचे एलएचबी डबे, सगळं पटापट आलं.

मग विचारलं: तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला या गाडीत बसायला कधीपासून मिळालं?

डब्यात शांतता. शेजारचे पासधारकही वर्तमानपत्र खाली करून ऐकू लागले. गाडी सुरू झाली तेव्हा फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. १ जानेवारी १९४९ला तेव्हाचा पहिला वर्ग बंद करून दुसऱ्यालाच पहिला म्हणू लागले. तिसरा वर्ग जोडला गेला तो जून १९५५मध्ये. म्हणजे पुण्या-मुंबईच्या साध्या प्रवाशासाठी ही गाडी पहिली २५ वर्षं फलाटावरून बघायचीच होती. आपण जिला 'आपली डेक्कन क्वीन' म्हणतो ती १९५५ला आपली झाली. वाढदिवसाला १ जूनला हार घालतात, ते घालावेतच. पण १९५५चा तो जूनही कुणीतरी लक्षात ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

लोणावळा सोडून घाट उतरताना गाडी मध्येच थांबली आणि एका मुलाने आईला विचारलं, स्टेशन नसताना का थांबली? धाकट्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तो उठून त्या मुलाला सांगू लागला. इथे मुख्य रुळाला लागून चढावर जाणारा एक आडमार्ग आहे, त्याला कॅच सायडिंग म्हणतात. एरवी रूळ त्याच्याकडेच वळवलेला असतो. गाडी पूर्ण थांबवून दाखवली, म्हणजे ब्रेक ताब्यात आहेत हे सिद्ध झालं, की मगच पुढचा रस्ता उघडतो. आणि एखादी गाडी थांबलीच नाही, तर ती त्या चढावर जाऊन थांबते, खाली घसरत नाही. "म्हणजे आपण आता पास झालो?" मुलाने विचारलं आणि गाडी हलली.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरल्यावर गुण मोजले. ताई पहिल्या, काका अगदी थोडक्याने दुसरे. इतिहासात डॉक्टर मागे पडले, डब्याच्या प्रश्नांत धाकटा पुढे गेला. पुढच्या सहलीची प्रश्नपत्रिका धाकट्याने काढायची, असं एकमताने ठरलं. त्याने वही उघडून पहिला प्रश्न तिथेच वाचला:

"आजी चाकाच्या खुर्चीत आहे. गाडी फलाट क्रमांक तीनवर, लिफ्ट बंद. गाडी सुटायला ४० मिनिटं आहेत. आधी कुणाकडे जायचं, काय मागायचं आणि डबा कुठला निवडायला हवा होता?"

काका म्हणाले, आधी डेप्युटी स्टेशन सुपरिटेंडेंट. ताई म्हणाल्या, आधी १३९. डॉक्टर म्हणाले, हे आरक्षण करतानाच बघायला हवं होतं, दिव्यांगांचा राखीव डबा कुठल्या टोकाला लागतो ते. फलाटावरची गर्दी ओसरली तरी ते तिघं तिथेच उभं राहून बोलत होते, आणि धाकटा प्रत्येकाचं उत्तर लिहून घेत होता.